कपिलधारची वाट अभ्यासक्रमात कोठे आहे?

महाविद्यालयात पर्यावरणाचा विषय कोणी शिकवावयाचा हे ज्ञानावरून ठरत नाही, वेळापत्रकावरून ठरते. ज्या अध्यापकाच्या आठवड्याच्या तासिका भरत नाहीत त्याच्याकडे तो येतो. अर्थशास्त्राला विद्यार्थी कमी होत चालल्यामुळे काही वर्षांपूर्वी तो प्रस्तुत लेखकाकडे आला. तत्पूर्वी तो इतिहासाच्या अध्यापकांकडे होता आणि त्याच्याही आधी, मला वाटते, ग्रंथपालांकडे होता. याविषयी माझी तक्रार नाही. बालाघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या आणि पावसाचा आकडा रोज वर्तमानपत्रात शोधणाऱ्या माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारणही नाही. तक्रार आहे ती तो ज्या रीतीने शिकविला जातो, आणि मीही कित्येक वर्षे ज्या रीतीने शिकविला, त्या रीतीबद्दल.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी एक सामाईक अभ्यासक्रम तयार केला. तो तयार करणाऱ्यांची दृष्टी चांगली होती. ५० तासिकांपैकी ५ तासिकांइतका वेळ उघड्यावर काढावा आणि १०० गुणांपैकी २५ गुण क्षेत्रकार्याला द्यावेत, अशी तरतूद त्यांनी केली. पुढे नवे शैक्षणिक धोरण आले, विषयाचे नाव आणि श्रेयांक बदलले. परंतु वर्गातला क्रम बदलला नाही. विद्यार्थी ओझोनचा थर पाठ करतात, जागतिक परिषदांची गावे व साले पाठ करतात, आणि क्षेत्रकार्याचा अहवाल महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. एका वर्षी माझ्याकडे नदीप्रदूषणावरचे नऊ अहवाल आले. नऊही अहवालांत पंचगंगेचे पाणी तपासलेले होते. बीडहून पंचगंगा किती दूर आहे याचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता, आणि गुण देताना मीही केला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. बीड शहराच्या मधून वाहणाऱ्या बिंदुसरेवर एकही अहवाल नव्हता.

अशा स्थितीत २०२४ च्या पावसाळी सत्रात मी वर्गात एक विनोदी पुस्तक नेले. बिल ब्रायसन या लेखकाचे 'अ वॉक इन द वुड्स' हे ते पुस्तक १९९८ साली प्रसिद्ध झाले. ब्रायसन मूळचा अमेरिकन. सुमारे वीस वर्षे इंग्लंडमध्ये काढून तो मायदेशी परतला आणि न्यू हॅम्पशायर राज्यातील एका लहान गावी बिऱ्हाड करून राहिला. एके दिवशी गावाच्या कडेने रानात शिरणारी एक पायवाट त्याच्या दृष्टीस पडली. ही ॲपलेशियन पायवाट. दक्षिणेकडील जॉर्जियापासून उत्तरेकडील मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी. चाळिशी उलटलेला आणि चालण्याची सवय नसलेला हा गृहस्थ ती चालून जाण्याचे मनात आणतो. सोबतीला कोणी मिळत नाही. मिळतो तो कॅट्झ नावाचा तरुणपणीचा मित्र, जो त्याच्याहून वजनाने जास्त आणि उत्साहाने कमी. पहिल्याच दिवशी पाठीवरचे ओझे सोसवेना म्हणून हा कॅट्झ शिध्यातल्या वस्तू एकामागून एक रानात भिरकावून देतो. ब्रायसन स्वतः निघण्यापूर्वी अस्वलांच्या हल्ल्यांवरचे एक पुस्तक वाचून ठेवतो आणि त्यामुळे रानात त्याची झोप उडते. अखेर दोघांनाही ती वाट पुरी होत नाही. ब्रायसनने केलेला हिशेब ८७० मैलांचा, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटरचा आहे. एकूण वाटेच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. परीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हा मनुष्य जेमतेम उत्तीर्ण!

पुस्तक इंग्रजी, आणि आमचे बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातले. म्हणून मी रोज थोडा भाग मराठीतून सांगत गेलो. कॅट्झने शिधा फेकला तेव्हा वर्ग मनापासून हसला. पर्यावरणाच्या तासाला हसू ऐकू येणे ही आमच्या इमारतीत नवलाची गोष्ट होती. शेजारच्या वर्गावरील सहकारी दारात येऊन पाहून गेले. परंतु त्या हसण्यातच ब्रायसन मधूनमधून जे सांगून जातो, ते मला हवे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या डोंगरांत चेस्टनट हा मोठा वृक्ष होता. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये त्या झाडांवर बाहेरून आलेली एक बुरशी आढळली आणि पुढील चार दशकांत सुमारे ४०० कोटी झाडे मेली. हाच आकडा मी पाठ्यपुस्तकातून सांगितला असता तर मुलांनी तो उतरवून घेतला असता, एवढेच. येथे मात्र दोन धापा टाकणाऱ्या माणसांबरोबर ती त्या रानात शिरली होती. एकाने विचारले, "सर, आपल्याकडचा कडुलिंब असा गेला तर?" मी उत्तर दिले नाही. वर्ग थोडा वेळ गप्प होता.

विनोदाचा येथे काय उपयोग झाला, याचा मी पुष्कळ विचार केला. पर्यावरणाच्या तासाला विद्यार्थी नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. प्लास्टिक तुम्ही वापरता, पाणी तुम्ही सांडता, झाडे तुम्ही तोडता, असे त्याला सांगण्यात येते. आणि सांगणारा मोटारसायकलवरून आलेला असतो. ब्रायसन सर्वप्रथम स्वतःची फजिती सांगतो. भित्रा तोच, आळशी तोच, वाट अर्धी टाकून घरी परतणारा तोच. असा मनुष्य वनखात्याच्या धोरणाविषयी चार कडक शब्द बोलला तर त्यात उपदेशाचा दर्प येत नाही. त्याच्या विनोदाला एक वाईट बाजूही आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. वाटेत भेटलेल्या एका बाईची आणि डोंगरी खेड्यांतील गरीब माणसांची त्याने केलेली थट्टा मला रुचली नाही, आणि तो भाग मी वर्गात गाळला. आता वाटते की तो गाळावयास नको होता. स्वतःवरचे हसू आणि दुबळ्यावरचे हसू यांतला भेद मुलांनी ओळखला असता. कदाचित माझ्यापेक्षा लवकर.

तो भेद त्यांना कळतो याचा पुरावा तिसऱ्या की चौथ्या दिवशीच मिळाला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, या माणसाला घरी काही काम नव्हतं का?" वर्ग हसला. ती हसली नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. या जिल्ह्यातून लाखो माणसे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पहाटे फडात उतरायचे, तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. अशा घरातल्या मुलीला, हौसेसाठी पाठीवर ओझे घेऊन महिनोन्महिने चालणारा माणूस हे कोडेच वाटणार. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला तिथल्या तिथे 'संधी खर्च' ही संकल्पना समजावून सांगता आली असती. चालण्याची किंमत म्हणजे त्या वेळात बुडालेली मजुरी. ज्याची मजुरी बुडत नाही त्याला चालणे स्वस्त पडते. मी तसे सांगितलेही. पण प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही, आणि तो मिटू नये असेच मला वाटत होते.

म्हणून पुढच्या तासाला बेंटन मॅकाय याची गोष्ट सांगितली. ही वाट ज्याच्या डोक्यातून निघाली तो हा वनशास्त्रज्ञ. १९२१ साली त्याने लेख लिहून तिची योजना मांडली. त्याच्यासमोर हौशी प्रवासी नव्हते. शहरांतल्या कारखान्यांत राबणारी माणसे होती. डोंगरमाथ्यावरून वाट जावी, तिच्या कडेने मुक्कामाचे तळ असावेत, सहकारी तत्त्वावर शेती असावी, आणि थकल्या माणसाने तेथे येऊन दम घ्यावा, अशी त्याची कल्पना होती. तळ आणि शेती कागदावर राहिली. वाट मात्र १९३७ साली पूर्ण झाली, आणि ती मुख्यतः स्वयंसेवकांनी केली. आजही वाटेचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका स्थानिक मंडळाने सांभाळावा असा तेथील शिरस्ता आहे. पडलेले झाड दूर करणे, वाहून गेलेली वाट पुन्हा बांधणे, खुणा रंगविणे ही कामे आठवड्याची सुटी खर्चून माणसे करतात. १९६८ साली कायदा होऊन या वाटेला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला; पण सरकार आले ते मागाहून.

येथे मला थांबून आपल्या साहित्याकडे पाहावेसे वाटते. चालण्याचे वाङ्मय मराठीला नवीन नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून परत आले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. इरावती कर्वे पंढरीच्या दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. दि. बा. मोकाशींची 'पालखी' १९६४ ची. गो. नी. दांडेकरांनी तर गड आणि नर्मदेचा काठ पायांखाली घातला. पण विनोदी प्रवासवर्णन म्हटले की आपल्यासमोर पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' येतात, आणि त्यांतला प्रवास बोटीचा व विमानाचा आहे. मराठी लेखक वाहनात बसला की मोकळेपणाने हसतो आणि पायी निघाला की बहुधा गंभीर होतो, असे माझ्यासारख्या साहित्याबाहेरच्या माणसाला वाटत आले आहे. मोकाशी याला बऱ्याच अंशी अपवाद. कंटाळा, शंका आणि पायांचे दुखणे त्यांनी लपविले नाही. आपल्याकडे पायी जाणे हे बहुतकरून देवाकडे जाणे असते आणि देवाच्या वाटेवर हसण्याचा आपल्याला संकोच वाटतो, हे याचे कारण असावे. वस्तुतः एकनाथांच्या भारुडांना हा संकोच नव्हता.

आमच्या गावावरूनही अशी एक वाट जाते. बीडपासून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या एका दरीत कपिलधार आहे. तेथे 'परमरहस्य' या मराठी ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी आहे. वीरशैव-लिंगायत समाजाचे हे मोठे तीर्थ. शेजारी कड्यावरून पाणी कोसळते. पावसाळ्यात तो धबधबा पाहावयास भाविकांखेरीज इतरांचीही गर्दी होते. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्यासाठी मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून, शेजारच्या राज्यांतूनही, दिंड्या चालत येतात. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आज्या या दिंड्यांतून आलेल्या आहेत. ब्रायसनची पाठपिशवी आणि तिची किंमत ऐकून एक मुलगा म्हणाला, "आमची आजी आठ दिवस चालती. एक पडशी, एक लुगडं आन् तंबाखूची डबी." ब्रायसनपेक्षा अधिक चाललेली माणसे वर्गातल्या प्रत्येक दुसऱ्या घरात होती. फक्त त्यांचे चालणे अभ्यासक्रमात कोठे बसत नव्हते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही मांजरसुंब्याच्या चौफुलीवर एस.टी.तून उतरलो आणि चालत कपिलधारला गेलो. अंतर फार नव्हते. प्रत्येकाजवळ वही होती आणि तीन रकाने आखून दिले होते: सावली देणारे झाड, पिण्याचे पाणी, आणि टाकलेली वस्तू. महामार्गाच्या कडेने चाललो तोपर्यंत पहिला रकाना जवळजवळ कोराच राहिला. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी होण्यापूर्वी याच भागात कडुलिंबाच्या आणि चिंचेच्या सावलीतून बस जात असे, हे मला आठवते. रस्त्याकडेच्या चिंचांचा लिलाव होताना मी लहानपणी पाहिला आहे. रस्ता रुंद झाला याचे मला दुःख नाही. त्याच रस्त्यावरून आजाऱ्याला घेऊन जाणारी गाडी दवाखान्यात लवकर पोहोचते. परंतु रुंदीकरणाच्या हिशेबात चालणारा मनुष्य धरलेला नव्हता. पंढरपूरच्या दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली तेव्हा पायी जाणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र मार्ग योजण्यात आला. लहान तीर्थांच्या वाटांना असे भाग्य लाभत नाही. दरीत उतरलो तेव्हा गारवा आला, झाडे आली, पाण्याचा आवाज आला, आणि तिसऱ्या रकान्याला कागद अपुरा पडू लागला. पाण्याचे रिकामे पाउच, थर्माकोलचे द्रोण, वेफर्सची पाकिटे, आणि ओल्या फांदीला अडकलेले एक निवडणुकीचे फलक-कापड. भाविकांचा कचरा कोणता आणि धबधबा पाहणाऱ्यांचा कोणता हे ठरविण्यासाठी मुलांत वाद झाला. तो मी मुद्दाम मिटविला नाही.

परतताना एका झाडाखाली बसलेल्या वृद्ध गृहस्थांशी गाठ पडली. बरीच वर्षे दिंडीबरोबर येत असल्याचे त्यांनी सांगितले. दिंडीची शिस्त त्यांनी मुलांना समजावून दिली: कोणत्या गावी दुपारचा विसावा, कोणत्या गावी मुक्काम, पाण्याच्या टँकरची जबाबदारी कोणाकडे, स्वयंपाकाला कोण, आजारी माणसाला गाडीत कोणी बसवायचे. एकही नियम लिहिलेला नाही आणि एकही मोडला जात नाही. मी विचारले, "बाबा, वाटेवरच्या झाडांचं कोणाकडे असतं?" त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "झाडं काय, सर, असायचीच की. आता नाहीत तर उन्हात बसतो."

अर्थशास्त्रात या गोष्टीची चर्चा जुनी आहे. सर्वांची असलेली वस्तू कोणीच सांभाळत नाही आणि म्हणून ती नासते, असे गॅरेट हार्डिन याने १९६८ साली मांडले आणि ते पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची कुरणे, पाटबंधारे आणि मासेमारीची ठिकाणे तपासून दाखविले की, माणसे आपापसांत नियम करून सामाईक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दिंडी हे ऑस्ट्रॉम यांच्या सिद्धांताचे चालते-बोलते उदाहरण आहे. अन्न, पाणी, मुक्काम आणि आजारपण यांची व्यवस्था ती करते. वाटेची मात्र करीत नाही. कारण वाट आपली आहे असे तिला अजून वाटलेले नाही. अमेरिकेतल्या त्या डोंगरात माणसे वाट सांभाळतात, पण वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसाला पिठलेभाकरी वाढण्याची पद्धत तेथे आपल्याइतकी नाही. दोन्हीकडे अर्धे अर्धे आहे.

यातून काय करता येईल? बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आहे आणि त्यात वनाच्छादन तीन टक्केदेखील नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीचे उद्दिष्ट मात्र देशाचा एक-तृतीयांश भाग वृक्षाच्छादित असावा हे आहे. उत्साहाची आपल्याकडे उणीव नाही. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्यात ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवनच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद एका वडाला देण्यात आले. साहित्य संमेलनांच्या तुलनेत अध्यक्षीय निवडणुकीचा वाद तेथे झाला नाही, हीही एक सोय! परंतु लावलेले झाड तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या झाडाजवळून दरवर्षी कोणीतरी चालत जावे लागते. कपिलधारच्या वाटेवर अशी माणसे आयतीच आहेत. प्रत्येक दिंडीने आपल्या दोन मुक्कामांमधला तुकडा आपला म्हणावा. त्या तुकड्याजवळचे महाविद्यालय राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आळी करील, पावसाळ्यात रोपे लावील. दिंडी कार्तिकात येताना मोजणी करील. क्षेत्रकार्याचे २५ गुण या मोजणीला द्यावेत. झेरॉक्सवाल्याचे थोडे नुकसान होईल.

यातल्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. रस्त्याकडेची जमीन एका खात्याची, डोंगर दुसऱ्या खात्याचा आणि बांध शेतकऱ्याचा. बांधावरच्या झाडाची सावली कापसावर पडली की उत्पन्न घटते. ते नुकसान सोसून यात्रेकरूंना सावली द्यावी असे त्याला सांगण्याचा अधिकार पगारदार अध्यापकाला नाही. चिंच, सीताफळ, आंबा यांसारखे ज्याचे उत्पन्न त्याच्या पदरी पडेल असेच झाड त्याच्या बांधावर लावावे लागेल, आणि ते त्याला विचारून. फुकट सावलीचीही कोणाला तरी किंमत मोजावी लागते, हे आमच्या विषयातले पहिले वाक्य येथेही लागू आहे.

याहून अवघड अडचण वर्गात आली. वाटेवरून आल्यावर मी मुलांना ब्रायसनसारखे, म्हणजे स्वतःची फजिती न लपविता, दोन पाने लिहावयास सांगितली. एकाने आपल्या चुलत्यावर लिहिले. दिंडीला निघताना चुलत्याने नवे बूट घेतले, दुसऱ्या दिवशी ते गळ्यात अडकवले आणि चौथ्या दिवशी मुक्कामाच्या गावी विसरले. पुढे सबंध वाटभर ते बुटांसाठी देवाकडे गाऱ्हाणे घालीत होते. लेख फार चांगला होता. मी तो शिक्षककक्षात वाचून दाखविला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "ही श्रद्धेची थट्टा नाही का?" मी म्हणालो, बुटांची आहे. त्यांचे समाधान झाले नाही. पुढे वर्गात वाचण्याची वेळ आली तेव्हा त्या मुलाने ती पाने काढून घेतली आणि पाण्याच्या संवर्धनावर एक निबंध दिला. तो निबंध कोठून उतरविला होता हे मला ओळखू आले. सहकाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता, बंदी घातली नव्हती. पण शंका घेतली जाते आहे एवढे कळताच आमची मुले किती चटकन पाठ केलेल्या भाषेत परत जातात, हे मला त्या दिवशी दिसले.

आणि मागच्या बाकावरची ती मुलगी. २०२४ ची कार्तिकी पौर्णिमा १५ नोव्हेंबरला होती. विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस उरले होते, यात्रेच्या वाटेवर उमेदवारांच्या कमानी उभ्या होत्या, आणि आमचा वर्ग निम्मा रिकामा होता. ज्या महिन्यात यात्रा भरते त्याच महिन्यात कारखान्यांचे गाळप सुरू होते. या जिल्ह्यातली कित्येक माणसे दर वर्षी कपिलधारच्या दिशेने न जाता तिच्या उलट दिशेने जातात. ती मुलगीही आईवडिलांबरोबर गेली होती. जाण्यापूर्वी तिने वही आणून दिली. कपिलधारच्या वाटेचे तीन रकाने तिने भरले होते आणि त्यांच्या पुढच्या पानावर, मी न सांगता, मागच्या हंगामातील दुसऱ्या एका वाटेचे तेच तीन रकाने आखले होते: कोपीपासून फडापर्यंतची वाट. सावलीचे झाड, एक बाभूळ. पिण्याचे पाणी, शेतमालकाच्या मोटारीवर, तीही चालू असेल तर. टाकलेली वस्तू या रकान्यात तिने लिहिले होते, उसाचे वाढे. आणि पुढे कंसात, 'हे टाकत नाहीत, जनावराला नेतात.' खाली एक ओळ होती: अस्वल नाही, पण बिबट्या आहे, आणि आमच्याकडे पुस्तक नाही.

विद्यापीठाच्या तक्त्यात क्षेत्रकार्याच्या रकान्यासमोर दोनच पर्याय असतात, उपस्थित आणि अनुपस्थित. अंतिम अहवाल सादर करण्याच्या दिवशी ती कर्नाटकाच्या सीमेवर कोठेतरी होती. मी तिला उपस्थित दाखविले आणि २५ पैकी २२ गुण दिले. कार्यालयातून विचारणा आली, की विद्यार्थिनी हजर नसता गुण कोणत्या आधारे दिले. तिची वही मी त्या पत्राला जोडून पाठविली आहे. ती अद्याप परत आलेली नाही.